खोलून तर पाहू या!

"बाई, ह्याचा लेझर गेलाय. आता दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. भंगारात द्यायचा असला तर दोनशे रुपये देतो मी."

दुकानदाराने असं म्हणून आमचा सीडी प्लेअर काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. खरं म्हणजे मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. यंत्र जुनं, अवजड. ते ठेवलंय त्या टेबलावर मुलीच्या वह्यापुस्तकांना जागा झाली असती. 'ह्यां'चंही मत तेच होतं. "हल्ली सीडी ऐकतं कोण? आईला एक छानसा ब्लूटूथचा स्पीकर आणू," असं हे दोन महिने म्हणत होते. पण ते धूड पुन्हा रिक्षात घालून मी घरी निघाले, तेव्हा सारखा डोळ्यांपुढे येत होता तो सासूबाईंचा चेहरा.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पोस्टात होते. २००५ साली निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी स्वत:साठी म्हणून एकच वस्तू घेतली, ती हा सीडी प्लेअर. आमचं गाव मिरज. इथे गल्लीत सतारी आणि तंबोरे तयार होतात, नि ज्याला गाता येत नाही त्यालाही सूर कळतो असं म्हणतात. अण्णांना तर गाताही येत होतं. मैफलीचे गवई नव्हेत. पण पहाटे उठून तंबोरा लावावा, चार अभंग, दोन नाट्यपदं म्हणावीत, मग सायकल काढून पोस्टात जावं, असा त्यांचा नेम. २००६ साली त्यांची एकसष्टी झाली, तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाने आमच्या माजघरात मायक्रोफोन लावून त्यांची नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि एका सीडीवर उतरवून दिली. प्रत एकच. तो मुलगा केव्हाच परदेशी गेला आणि त्याचा कॉम्प्युटर त्याच्याही आधी मोडीत गेला.

अण्णा होते तोवर ती सीडी कोणी फारशी लावली नाही. स्वत:चा आवाज ऐकायला त्यांनाच संकोच वाटे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि महिन्याभराने एका दुपारी सासूबाईंनी ती कपाटातून बाहेर काढली. तेव्हापासून तो त्यांचा नेमच झाला. मी एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे, दुपारी एकला घरी येते. चार वाजले की सासूबाई दोन कप चहा करायच्या, एक मला, एक त्यांना, आणि प्लेअरचं बटन दाबून खुर्चीत बसायच्या. तासाभराची सीडी. आठ गाणी आम्ही दोघी ऐकायचो. नववं लागलं की त्या मला काही ना काही काम सांगायच्या. "गच्चीवरचे कपडे आण ग." "दूधवाला आला का बघ." मला वाटे, शेवटी शेवटी त्यांना रडू येत असेल आणि ते मला दिसू नये असं वाटत असेल. मीही मुकाट्याने उठत असे.

मग यंत्र कुरबुर करू लागलं. आधी सीडीचा ट्रे बाहेर येईना. आत नुसती मोटार फिरल्याचा 'घूंऽऽ' असा आवाज. सासूबाई उलथन्याचं टोक फटीत घालून त्याला मदत करायच्या. पुढे पुढे ट्रे आला-गेला तरी सीडी लागेना. पडद्यावर 'नो डिस्क' अशी अक्षरं उमटायची. आणि एक दिवस काहीच होईना. सासूबाई कोणाला काही बोलल्या नाहीत. चार वाजता चहा मात्र ओट्याशी उभ्यानेच घेऊ लागल्या. कधी कधी त्या कपावर साय धरलेली मला दिसायची.

दुकानातून आले आणि यंत्र टेबलावर ठेवून मी पंखा लावून बसले. राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. दुकानदाराने यंत्राचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं! सीडी घातली, 'नो डिस्क' वाचलं, की झाला निदान. डॉक्टरने नाडी न पाहता घरी न्यायला सांगावं, तसंच की हे.

मैत्रिणींनो, मी बी. ए. झाले ती मराठी घेऊन. दहावीला विज्ञानात मार्क बरे होते, पण "मुलीला आर्टस् बरं" असं घरात ठरलं आणि मलाही ते पटलं. त्यामुळे विजेच्या वस्तूला हात लावायचा तर भीती वाटते. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, शिलाई मशिनचा पट्टा सैल झाला की तो कापून पुन्हा जोडते कोण? मीच. मिक्सरचा झिजलेला कपलर बदलते, कुकरची शिटी खोलून साफ करते, नळाचा वायसर घालते, तीही मीच. मग ह्याचंच एवढं काय? तसंही भंगारातच जायचंय, तर निदान खोलून तर पाहू या!

दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुटीत गाठलं. निवृत्तीला आलेल्या ह्या बाई मोठ्या हौशी. डबा खाता खाता त्यांनी मला सीडीचं सगळं शास्त्र समजावून दिलं, आणि एवढं सोपं करून की शाळेतच कोणी असं शिकवलं असतं तर मी सायन्सलाच गेले असते!

सीडी म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची चकती. दुकानात विकत मिळणाऱ्या सीडीवर बारीक बारीक खळग्यांची एक रेघ असते. चकलीसारखी मधून सुरू होऊन बाहेर बाहेर जाणारी. ती रेघ सरळ उलगडली तर पाच किलोमीटरांहून जास्त भरते. म्हणजे मिरजेहून निघालं तर सांगलीची निम्मी वाट संपेल. त्या खळग्यांवर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असतो. खालून लेझरचा किरण त्यावर पडतो आणि परत फिरतो. खळगा असला तर परतणारा उजेड कमी, नसला तर जास्त. ह्या कमी-जास्तावरून यंत्र गाणं ओळखतं. घरी कॉम्प्युटरवर केलेल्या सीडीत खळगे नसतात, एक रंगाचा थर असतो आणि त्यावरच किरणाने खुणा केलेल्या असतात. ह्या सीडीवरून उजेड जरा कमीच परततो. जपानात १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला प्लेअर विकायला आला, तेव्हा घरी केलेली सीडी ही वस्तूच नव्हती. त्यामुळे यंत्र थोडंसं जरी थकलं, तरी ते आधी घरची सीडी नाकारतं.

"म्हणून," बाई म्हणाल्या, "आधी तुझ्या सासऱ्यांची सीडी बाजूला ठेव. विकतची एक लावून बघ. ती लागली तर लेझर जिवंत आहे. आणि हो, झाकण उघडं ठेवून प्लग लावायचा नाही. तो किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. प्लग काढल्यावरही लगेच हात घालू नकोस. आत वीज साठून राहते. जिथे भिंतीची वायर आत येते, त्या बाजूला तर बोटसुद्धा नेऊ नकोस."

घरी येऊन एक विकतची सीडी लावून पाहिली. उलथन्याने ट्रे काढला, सीडी ठेवली, आत ढकलली. पहिल्यांदा 'नो डिस्क'. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मात्र सीडी फिरली आणि गाणं चक्क सुरू झालं! अडखळत का होईना, पण झालं. म्हणजे लेझर गेलेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मुलीला हाक मारून मी ते दोनदा सांगितलं.

शुक्रवारी रात्रीच प्लग काढून ठेवला. शनिवारी दुपारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही मायलेकी बसलो. हे सोफ्यावरून पाहत होते. "शॉक लागला तर मला सांगू नकोस," एवढा आशीर्वाद त्यांनी दिला. झाकणाचे सात स्क्रू निघाले. कुठला स्क्रू कुठला हा घोळ पुढे होऊ नये म्हणून मी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या रिकाम्या करून घेतल्या. मोहरीच्या वाटीत झाकणाचे स्क्रू, हळदीच्या वाटीत आतले लांब, हिंगाच्या डबीत अगदी बारीक. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अग, माझा मिसळणाचा डबा!" पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आतलं चित्र काढलं, कुठे काय आहे त्याचं. हे चित्र पुढे फार उपयोगी पडलं.

आत पाहिलं तर शिलाई मशिनचंच छोटं भावंडं! ट्रेच्या खाली एक इवलीशी मोटार, एक पांढरं चाक, आणि दोहोंवरून गेलेला रबराचा बारीक पट्टा. मोटार फिरते, पण पट्टा सैल पडला म्हणून चाक फिरत नाही. ते 'घूंऽऽ' ह्याचंच होतं. दातेरी चाक बोटाने हळूहळू फिरवलं तसा ट्रे बाहेर आला, आणि चिमट्याने पट्टा काढला. वीस वर्षांत तो ताणून गुळगुळीत झाला होता. आधी मी आपली हुशारी केली, घरातलं नोटांना लावायचं रबरबँड घातलं. एकदा ट्रे आला, दुसऱ्यांदा रबरबँड घसरून चाकात गुंतलं. ते काढता काढता अर्धा तास गेला. शेवटी जुना पट्टा एका पुडीत घालून सांगलीला गेले. टेपरेकॉर्डरचे पट्टे अजून ठेवणारं एक दुकान मिळालं. मापाला माप लावून त्याने एक किंचित लहान पट्टा दिला. किंमत रुपये तीस. तिथेच नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं, छोटी बाटली. औषधांच्या दुकानातल्या सत्तर टक्केवाल्यात पाणी बरंच असतं, म्हणून ते नको.

पट्टा बसवला आणि ट्रे एखाद्या शहाण्या मुलासारखा आत-बाहेर करू लागला. आता पाळी होती लेन्सची.

ही लेन्स असते ज्वारीच्या दाण्याएवढी. अगदी नाजूक स्प्रिंगांवर तरंगत असते, त्यामुळे जोर म्हणून लावायचा नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला अल्कोहोलचा थेंब लावला, झटकला आणि बाळाच्या डोळ्यातला चिपडा काढावा तसं हलकेच गोल फिरवलं. काडी पाहिली तर काळसर पिवळी! दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरी जरा स्वच्छ निघाली. मला कळेना, बंद यंत्रात एवढा मळ आला कुठून? आणि वर मान केली तर समोर अण्णांचा फोटो.

प्लेअर ठेवला होता तो नेमका अण्णांच्या फोटोखाली. दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ सासूबाई फोटोला उदबत्ती लावत होत्या. उदबत्तीचं घर प्लेअरच्या डोक्यावरच. तो धूर झाकणाच्या फटींतून आत जाऊन काचेवर बसत होता. म्हणजे ज्यांचा आवाज ऐकायचा, त्यांच्याच उदबत्तीने तो आवाज बंद पाडला होता. सासूबाई हे ऐकून दुखावतील म्हणून मी काही बोलले नाही. नुसतं "धूळ बसली होती," म्हटलं आणि प्लेअरची जागा बदलली. उदबत्ती तिथेच राहिली.

झाकण बसवलं, सगळे स्क्रू जागच्या जागी आले (हिंगाच्या डबीतला एक उरला होता, तो चित्र पाहून सापडला), आणि मग प्लग लावला. आता अण्णांची सीडी. ट्रे आत गेला. दोन क्षण काहीच नाही. मग चकती फिरल्याचा बारीक आवाज, पडद्यावर नऊचा आकडा, आणि तंबोऱ्याचा षड्ज. अण्णांनी खाकरून घसा साफ केला आणि गाणं सुरू झालं.

सासूबाई स्वयंपाकघरातून ओल्या हातानेच आल्या. खुर्चीत बसल्या. हे सोफ्यावरून उठून उभे राहिले होते, ते तसेच उभे. कोणी काही बोललं नाही. एकामागून एक आठ गाणी झाली. आणि नववं लागलं, तेव्हा आतून 'कट्, कट्, कट्' असा आवाज येऊ लागला. एकच शब्द पुन:पुन्हा. मग तोही बंद.

मी बटनं दाबली, पुन्हा लावलं. तेच. सासूबाई उठल्या. "राहू दे ग. झालं एवढं पुष्कळ झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या. पण त्यांची पाठ पाहून मला कळलं, त्यांच्यासाठी झालं ते पुष्कळ नव्हतं.

त्या रात्री भांडी विसळताना त्याच हळूच म्हणाल्या, "ते शेवटचंच का ग लागत नाही? सीडीच खराब झाली का?"

सोमवारी मी पुन्हा विज्ञानाच्या बाईंसमोर. त्यांनी विचारलं, "विकतची एखादी सव्वा तासाची सीडी आहे? तिचं शेवटचं गाणं लावून बघ. तिथेही अडलं तर यंत्राचा दोष, नाही अडलं तर तुझ्या सीडीचा." किती साधी युक्ती! सीडी मधून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. पहिलं गाणं मध्याजवळ, शेवटचं काठाकडे. लेन्सची गाडी त्यासाठी रुळावरून हळूहळू बाहेर सरकत जाते. रूळच अडला तर गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत पोहोचणार कशी?

घरी येऊन पाहिलं. विकतची सीडीसुद्धा शेवटीच अडली! एखाद्या आजारी माणसाचा रिपोर्ट चांगला यावा तसं मला झालं. सीडी ठीक होती.

पुन्हा प्लग काढला, पुन्हा मिसळणाचा डबा रिकामा झाला. ह्या वेळी सासूबाईंनी स्वत:च वाट्या पुसून दिल्या. लेन्सची गाडी ज्या दांडीवरून सरकते, तिला पूर्वी पांढरं ग्रीस लावलेलं असतं. ते सुकून मेणासारखं पिवळं, चिकट झालं होतं. लेन्स पुढे ढकलणाऱ्या दातेरी चाकाच्या दातांत तर ते केसांच्या गुंत्यासारखं बसलं होतं. सगळं अल्कोहोलच्या काड्यांनी पुसून काढलं, दात लाकडी दातकोरण्याने कोरले. चाक बोटाने फिरवून गाडी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद जाते ना पाहिलं. काठाजवळ जिथे अडत होती, तिथे आता अडेना. मग प्लॅस्टिकला चालणारं सिलिकोन ग्रीस, टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच. "त्यापेक्षा थोडं खोबरेल घाल की," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, थंडीत आपल्या खोबरेलाची बाटली गोठते की नाही? मग ह्याचंही तेच होईल." मशिनचं तेलही मी घातलं नाही. पातळ तेल पसरत पसरत लेन्सवर जातं. त्यावर हे काही बोलले नाहीत, पण ते सोफ्यावरून खाली येऊन माझ्या शेजारी बसले आणि बॅटरी धरून उजेड दाखवू लागले. बारा वर्षांच्या संसारात हे प्रथमच!

चार वाजले होते. सासूबाईंनी चहा केला, सगळ्यांना. नववं गाणं लागलं तशी मी सवयीने उठू लागले. त्यांनी माझा हात धरला. "बस," म्हणाल्या. "तू दुरुस्त केलंस, तू ऐक."

गाणं संपलं. तंबोरा थोडा वेळ वाजत राहिला आणि थांबला. मला वाटलं, झालं. पण मायक्रोफोन चालूच राहिला असावा. भांड्याचा आवाज, कोणाची तरी हाक, आणि मग अण्णांचा गाण्याचा नव्हे, रोजचा आवाज, "झालं का रे बाळ? बरं झालं." आणि जरा थांबून, हळू, "अग, सकाळपासून उभी आहेस. दमली असशील. बस जरा. चहा मी टाकतो."

बस्स. एवढंच. सीडी संपली.

सासूबाई पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत होत्या. मग हसल्या. "केला नाही हो त्यांनी चहा," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात सांगलीचे पाहुणे आले, आणि मलाच उठावं लागलं. चाळीस वर्षांत एकदाही केला नाही. पण म्हणाले होते."

मला काय बोलावं ते सुचेना. म्हणजे दोन वर्षं त्या रोज तासभर गाणी ऐकत होत्या, ती ह्या एका वाक्याच्या वाटेवरची होती. आणि त्या वाक्याच्या वेळी मी गच्चीवर कपडे काढत होते! ब्लूटूथचा स्पीकर आणून, त्यात कोणा मोठ्या गवयाची हजार गाणी भरून आम्ही त्यांना देणार होतो, नि वर विचारणार होतो, "काय आई, आता बरंय ना?"

दुसरं काम मी लगेच केलं. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना सीडीची सोय नसते. विज्ञानाच्या बाईंच्या मुलाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह एक दिवसासाठी आणला आणि सीडी घराबाहेर न नेता तिची नक्कल करून घेतली. एक ह्यांच्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक नणंदेला पाठवली. घरी केलेल्या सीडीचा रंग वर्षांनी, उन्हाने, उष्णतेने फिका पडत जातो. एक दिवस चांगलं यंत्रही ती वाचू शकणार नाही. तुमच्याही कपाटात कोणाच्या मुंजीची, डोहाळजेवणाची, आजीच्या ओव्यांची अशी एखादी सीडी असेल. तेवढी आधी काढा आणि नक्कल करून घ्या. यंत्राला दुसरा पट्टा मिळतो, आवाजाला दुसरा आवाज मिळत नाही.

आणि सीडी जपायची कशी, तेही सांगते. हातात धरताना काठ आणि मधलं भोक धरावं. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसावी. ताट पुसतो तसं गोल गोल फिरवून नाही. कारण आडवी बारीक रेघ गेली तर यंत्र हरवलेलं अंदाजाने भरून काढतं, पण गोल चरा गाण्याच्या वाटेवरूनच जातो आणि तिथे ते हरतं. आपण चकचकीत बाजूला जपतो आणि नाव लिहिलेल्या बाजूवर खुशाल बॉलपेन चालवतो. खरं तर तो चकचकीत थर वरच्या बाजूलाच, नावाच्या अगदी खाली असतो. तिथे टोकदार काही लावू नये, चिकटवलेला कागद ओढून काढू नये. आणि लेन्स पुसायला नेलपॉलिश काढायचं औषध चुकूनही वापरू नका. लेन्स प्लॅस्टिकची असते, ती धुरकट होऊन जाईल. आत लेझरचा जोर वाढवायचा एक बारीक स्क्रू असतो, त्याला हात लावू नका. आणि पट्टा, पुसणं आणि ग्रीस एवढं करूनही यंत्र चाललं नाही, तर मात्र जाणत्या माणसाकडे न्या. फक्त तो झाकण उघडून पाहणारा असावा.

माझा एकूण खर्च, सांगलीच्या जाण्यायेण्यासकट, तीनशे रुपयांच्या आत झाला. मिसळणाच्या डब्यातली हिंगाची डबी अजून थोडी अल्कोहोलसारखी वास मारते, असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

एक सांगायचं राहिलंच. मागच्या रविवारी मी शाळेचे पेपर तपासत बसले होते. चार वाजता नववं गाणं संपलं, अण्णांचं ते वाक्य झालं, आणि हे सोफ्यावरून उठून मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

चहा झाला. पाऊण तास लागला, आणि साखर कुठे आहे हे विचारायला ते तीनदा बाहेर आले. पण झाला!